पाचव्या पिशवीतली बाटली

१

वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मी आयुष्यातला पहिला घोट घेण्यासाठी पेला उचलला आणि प्रज्ञेश म्हणाला, "काकू, थांबा. पिऊ नका."

मार्गशीर्षातला रविवार होता, दुपारी साडेचारचा सुमार. कर्वेनगरातल्या आमच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात जेवणाचे टेबल भिंतीपासून ओढून मधोमध घेतले होते. त्यावर पाच बाटल्या कापडी पिशव्यांत गळ्यापर्यंत झाकून उभ्या होत्या आणि प्रत्येक पिशवीवर दोऱ्याने आकडा भरला होता. चार बाटल्यांची चव घेऊन झाली होती. त्या चारींच्या वेळी मी पेल्याला हात लावला नव्हता. मी पाचवीसाठी बसले होते.

"पिऊ नका म्हणजे? विष आहे का?" मी विचारले.

"नाही, नाही. वाईन आहे. चांगली आहे." त्याने पुन्हा थेंबभर जिभेवर घोळवली आणि मान हलवली. "पण ही सुदर्शनची नाही."

सुदर्शन माझा धाकटा मुलगा. त्या माघात त्याला जाऊन दोन वर्षे होणार होती. त्याने स्वतः केलेल्या वाईनची ती शेवटची बाटली होती. प्रज्ञेश त्याचा भागीदार. दोघांनी मिळून ती द्राक्षे खुडली होती आणि मिळूनच चेचली होती. त्याच्या जिभेवर अविश्वास दाखवावा असे काही कारण नव्हते.

मी हात पुढे करून पिशवी खाली ओढली. बाटली तीच होती. तिच्यावर चिकटवलेला कागद तोच होता आणि त्यावर सुदर्शनच्या तिरक्या अक्षरातला एकच शब्द होता : आईसाठी.

प्रज्ञेशने बशीतले बूच उचलून उजेडात फिरवले. "सुदर्शन प्रत्येक बुचावर बॉलपेनने साल लिहायचा. ह्याच्यावर काहीच नाही. हे बूच नवीन आहे, काकू. कोणीतरी बाटली उघडली, आतली काढून घेतली, दुसरी भरली आणि पुन्हा बंद केली."

माझी सून, सुदर्शनची बायको अपेक्षा, समोर उभी होती. तिने हातातला पेला खाली ठेवला.

"दाराला कडी घाल," मी तिला म्हणाले. "ज्याने हे केले आहे तो या टेबलाशी बसला आहे, नाहीतर आत स्वयंपाकघरात आहे. तो कोण, हे कळल्याशिवाय कोणी उठणार नाही."

२

आमच्या घरात मद्य कधी आले नव्हते. सासऱ्यांच्या काळात नाही, यजमानांच्या काळात नाही, आणि ते गेल्यावर घर माझ्या शब्दाने चालू लागले तेव्हा तर नाहीच. कर्वेनगर अजून शिवार होते, तेव्हा बांधावरची भांडणे घेऊन माणसे माझ्या ओसरीवर येत आणि निवाडा ऐकून जात. त्याच बांधांवर पुढे सोसायट्या उभ्या राहिल्या. भांडणे गेली, निवाड्याची सवय मात्र माझ्याकडे राहिली.

जमीन गेल्यावर सुदर्शनने ओतूरला, माझ्या माहेरच्या शिवारात, दोन एकर द्राक्षे लावली. खायची नव्हेत. ओळखीच्या एका वायनरीत जागा घेऊन त्याने प्रज्ञेशबरोबर त्यांची वाईन केली, बाटल्या मात्र स्वतःच्या हाताने भरल्या. त्यांतली एक त्याने दिवाळीत माझ्यापुढे ठेवली.

"आई, तुझ्या माहेरची आहे. एक घोट घे."

मी म्हणाले, "दारूला माहेर नसते. उचल."

त्याने वाद घातला नाही. बाटली उचलली, कागदावर तो शब्द लिहून तिच्यावर चिकटवला आणि मधल्या खोलीतल्या आपल्या कपाटात आडवी ठेवून दिली. तीन महिन्यांनी, एका सकाळी, चहा घेताघेता त्याचे हृदय थांबले. तो बेचाळीस वर्षांचा होता.

त्या कपाटाला मी कुलूप घातले. एक किल्ली माझ्या कमरेला आणि दुसरी, घरातल्या सगळ्या किल्ल्यांप्रमाणे, मथुराबाईकडे. मथुराबाई एकतीस वर्षे आमचा स्वयंपाक करते आहे.

कपाट मी व्यवस्थित लावले. त्याच्या वह्या, बुचांची पिशवी, बूच बसवायचे लोखंडी यंत्र, सगळे जागच्या जागी. बाटली आडवी होती, ती मी उभी केली. माझ्या घरात बरणी, बाटली, समई आडवी पडलेली मला चालत नाही. तिची काळजीही मी घेतली, जशी घरातल्या साठवणीची घेते. गेल्या वैशाखात पुसताना फडक्यावर जांभळा डाग पडला, तेव्हा कागदाची शाई ओघळली असेल म्हणून मी तो कागद पुन्हा नीट दाबून चिकटवला होता.

गेल्या वर्षी सुदर्शनचे मित्र त्याच्या आठवणीने एकदा जमले होते. यंदा कार्तिकात अपेक्षाने विचारले, "आई, या वेळी आपल्या घरी जमलो तर चालेल? प्रत्येकाने एक बाटली आणि आपल्या आजोळचा एखादा पदार्थ आणायचा. इवल्या बशांतून, घासघासभर. बाटल्या झाकून ठेवायच्या आणि चवीवरून ओळखायच्या."

माणसांना जेवायला बोलावून घासभर वाढायचे, ही रीत मला ठाऊक नव्हती. मी नाही म्हणणार, अशीच तिची अपेक्षा असावी. पण मी म्हणाले, "सुदर्शनचे आजोळ ओतूर. त्याच्या वाटची बाटली कपाटात आहे. तीही ठेवा. मी एक घोट घेईन."

अपेक्षा माझ्याकडे पाहत राहिली. त्या दोन वर्षांत त्याचे नाव मी तिच्यासमोर प्रथमच घेतले होते.

३

मधल्या खोलीत, त्या कपाटासमोर, सुदर्शनच्या खुर्चीवर मी बसले आणि एकेकाला आत बोलावले.

महिपती प्रथम आला. आमच्या शेजारच्या बांधाचा मुलगा, आता इमारती बांधतो. सुदर्शनबरोबर कालव्यात पोहायला शिकलेला.

"बुधवारी तू खुर्च्या घेऊन आला होतास. या खोलीत किती वेळ होतास?"

"पंधराएक मिनिटं. खुर्च्या इथंच लावून ठेवल्या, काकी. कपाटाला कुलूप हाय, ते मला दिसत होतं."

"ती बाटली तुला हवी होती. सुदर्शनच्या वर्षश्राद्धाला तू अपेक्षाला तसे म्हणालाही होतास."

"हवी होतीच." त्याने नजर चुकवली नाही. "पण काकी, मी मागून घेतली असती. तुम्ही नाही म्हणाला असता, मी गप घरी गेलो असतो. तुमच्या घरातनं काही चोरायचं वय माझं चिंचा पाडण्यापर्यंतच होतं. त्यातही तुम्ही मला एकदा पकडलंत."

हे खरे होते. त्या चिंचांबद्दल मी त्याला उन्हात उभे केले होते.

प्रज्ञेश आला, तो आपणहून बोलू लागला. "काकू, तुम्हाला माझाच संशय येणार. बूच बसवायला मलाच येतं."

"तुलाच?"

"मला आणि सुदर्शनला. अपेक्षावहिनीही बाटल्या भरताना मदतीला असायच्या. यंत्र कपाटात आहे ना, दाखवतो." मी कपाट उघडले. त्याने यंत्र जमिनीवर उभे केले आणि त्याच्या दोन्ही दांड्या धरून अंगाचा भार टाकला. "असं. दोन्ही मनगटांवर जोर येतो. एका हाताने होतच नाही."

"मग तूच केलेस, असे समजू?"

"मी केलं असतं तर आज बोललो कशाला असतो? तुम्ही घोट घेतला असता, छान आहे म्हणाला असता आणि मी घरी गेलो असतो."

या उत्तरात दोष नव्हता. खोलीबाहेर पडताना तो घुटमळला. "बोललो नसतो तर बरं झालं असतं का, काकू?"

"स्पृहाला आत पाठव," मी म्हणाले.

स्पृहा सर्वांत धाकटी. मूळची नागपूरची, हिंजवडीला नोकरी करते. सुदर्शनने वाईनच्या धंद्यासाठी जी संगणकाची कामे करून घेतली, त्यांतून तिची ओळख झाली. पिशव्या तिनेच शिवल्या होत्या.

"आजी, मी तर बाटली आज पहिल्यांदा बघून राहिले," ती म्हणाली. "मी फक्त पिशव्या शिवल्या अन् कोथिंबिरीची सांभारवडी आणली. तुम्ही खाल्ली नाही."

"खाल्ली. मसाला जास्त होता."

"नागपूरला तो कमी समजतात."

तिच्या डोळ्यांत पाणी होते, तरी तिने उत्तर दिलेच. ती मला आवडली. पण आवडणे हा पुरावा नव्हे. तिघांचे ऐकून झाले आणि एकच गोष्ट उरली. कपाटाचे कुलूप फोडलेले नव्हते. ते किल्लीने उघडले गेले होते, आणि किल्ल्या दोनच होत्या.

४

पुढे जे झाले ते मी जसे झाले तसेच लिहिते. त्यात माझी बाजू मांडण्याचा हेतू नाही.

मी दिवाणखान्यात परत आले आणि मथुराबाईला हाक मारली. ती पदराला हात पुसत दारात उभी राहिली. टेबलावर बशा तशाच होत्या : प्रज्ञेशचे खानदेशी भरीत, स्पृहाच्या वड्या, महिपतीने मुळशीहून करून आणलेली कोंबडी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि पाचव्या बाटलीपुढे मी केलेली ओतूरची मासवडी. तिच्या शेजारी अपेक्षाने ठेवलेल्या कांद्याच्या जांभळ्या चकत्या.

"मथुरा, मधल्या कपाटाची किल्ली कोणाकोणाकडे असते?"

"तुमच्याकडं आन् माझ्याकडं."

"तुझी किल्ली तू कोणाला दिली होतीस?"

अपेक्षा टेबलापासून पुढे आली. "आई, मथुराताईंना काही विचारू नका, मी…"

"तू मध्ये बोलू नकोस. बस."

मथुराबाईने तिच्याकडे पाहिले आणि अगदी थोडी मान हलवली. ते मी पाहिले. पाहिले आणि त्याचा अर्थ मी माझ्या सोयीने लावला.

"एकतीस वर्षांत या घरातून साखरेचा दाणा गेला नाही, असे मी चारचौघांत सांगत आले," मी म्हणाले. "आज सुदर्शनची बाटली गेली. कोणासाठी नेलीस? संपतसाठी?"

संपत तिचा मुलगा. तो प्यायचा, हे वस्तीला माहीत होते आणि म्हणून मलाही.

मथुराबाईने कमरेची पिशवी सोडली. गाठ घट्ट होती. उजव्या हाताने ती सुटेना, म्हणून तिने ती दातांनी ओढली. किल्ल्यांचा जुडगा तिने टेबलाच्या कडेला ठेवला.

"संपतनं सोडली, त्याला आठ म्हैने झाले, बाईसाहेब," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचं ऱ्हायलं."

मग तिने चपला घातल्या, दाराची कडी स्वतःच काढली आणि ती निघून गेली. शेगडीवर चहाचे आधण तसेच उकळत होते.

५

महिपती खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. अपेक्षा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. चोर सापडल्यावर मनाला जी स्वस्थता यायला हवी ती मला येत नव्हती. तो जुडगा मी उचलला आणि मला तिचे दात आठवले.

ती गाठ तिने दातांनी का सोडली?

आदल्या वर्षीच्या दिवाळीत ती फराळाचे करताना ओट्याजवळ घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. ते बसले, पण त्यात जोर आला नाही. त्या रविवारीच सकाळी मासवडीसाठी खसखस हवी होती, तेव्हा तिने डबा माझ्यापुढे धरला होता. "झाकण तेवढं काढून द्या, बाईसाहेब." मी काढून दिले होते. ज्या बाईला डब्याचे झाकण निघत नाही, ती दोन्ही मनगटांचा भार टाकून बूच कशी बसवणार?

ही गोष्ट मला सकाळपासून माहीत होती. मी ती वापरली नाही, एवढेच.

स्पृहा बाटल्यांच्या पिशव्या काढून घडी घालत होती. चार पिशव्या सैल होत्या, बाटल्यांवरून सहज निघाल्या. पाचवी मात्र तिला बुडाशी धरून ओढावी लागली.

"ही एवढी बेताची कशी झाली?" मी विचारले.

"बाकीच्या अंदाजानं शिवल्या, आजी. ह्या बाटलीचा गळा आखूड आहे ना, म्हणून माप मागवलं होतं. अपेक्षाताईनं फोनवर टेपनं मोजून सांगितलं."

"कधी?"

"तीन आठवडे झाले. गुरुवारी. तुम्ही ओतूरला लग्नाला गेला होतात, असं ताई म्हणाली."

त्या गुरुवारी माझी किल्ली माझ्या कमरेला, ओतूरच्या मांडवात होती.

मी अपेक्षाकडे वळले. ती माझीच वाट पाहत होती.

६

"सगळे बसा," मी म्हणाले. "आता मी बोलते. चुकले तर सांगा."

ते बसले.

"मी नसताना अपेक्षाने मथुराकडून किल्ली घेतली आणि बाटली बाहेर काढली. माप घेण्यापुरती काढली असती, तर ती पुन्हा ठेवली असती. पण बाटली उघडली गेली आणि दुसरी वाईन भरून बंद केली गेली. ज्याला प्यायची असते तो बाटली नेतो. तो तीत दुसरी आणून भरत बसत नाही. म्हणजे हे चोरीसाठी झाले नाही. मला काहीतरी कळू नये म्हणून झाले."

"आई, पुरे," अपेक्षा म्हणाली. "मी केलं. मी कबूल करते. मथुराताईंना बोलावून आणते आणि…"

"मला काय कळू नये?"

"काही नाही. माझ्या हातून सांडली."

"तू खोटे बोलतेस तेव्हा पदर चाचपतेस. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून मी ते पाहते आहे." मी पुढे बोलत राहिले. निवाडा सुरू केला की तो मधे सोडायचा नाही, ही माझी सवय. "आज सकाळी मी ती बाटली पुसली. फडके कोरडे राहिले. गेल्या वैशाखात पुसली, तेव्हा फडक्यावर जांभळा डाग आला होता. मी शाई समजले. पण शाई निळी असते. तो डाग बाटलीच्या तोंडाकडून आला होता. म्हणजे आतली वाईन तेव्हाच बुचाच्या बाजूने बाहेर येऊ लागली होती. का येऊ लागली, ते प्रज्ञेश सांगेल."

प्रज्ञेश पुढे झुकला. त्याला हा प्रश्न धंद्याचा वाटला. "बूच वर सरकलं असेल. बाटली तापली की होतं तसं. मग निवताना हवा आत ओढली जाते आणि वाईन आंबते. पण कपाटात सावली आहे, काकू. वैशाखात बाटली होती कुठे?"

"गच्चीवर," मी म्हणाले. "बरण्यांबरोबर. मी लोणच्यांना ऊन दाखवते, तसे तिलाही दाखवत होते. आठ-आठ दिवस. दोन्ही वर्षं."

माझे वाक्य पुरे झाले आणि प्रज्ञेशने मान खाली घातली. आपल्या बशीतल्या भाकरीच्या तुकड्याकडे तो पाहत राहिला. स्पृहाने ओठ मिटले. महिपती खिडकीकडे बघू लागला. माझ्याकडे कोणीच बघत नव्हते, आणि त्यावरून मला समजले की मी निवाडा दिला आहे.

मग मला आणखी एक गोष्ट आठवली. गेल्या वैशाखात, गच्चीच्या जिन्यात, मथुराबाई बरणी धरून थांबली होती. "बाईसाहेब, धाकल्या सायबांनी ती बाटली सावलीत ठेवली होती. आडवी." मी तिला म्हणाले होते, "या घरातल्या साठवणीचे मला शिकवू नकोस."

"तुम्ही घोट घेईन म्हणालात," अपेक्षा हळू आवाजात म्हणाली. "मला इतका आनंद झाला, आई, की मी आधी बघून घ्यावी म्हणून उघडली. मथुराताई शेजारीच होत्या. पेल्यात ओतली आणि वासावरूनच कळलं. पार आंबली होती. तुम्हाला काय सांगणार होते मी? दोन वर्षांनी तुम्ही त्याचं नाव घेतलंत आणि मी सांगू, की तुमच्याच हातानं…" तिने वाक्य सोडून दिले. "दुकानातून त्यातल्या त्यात तशी शोधून आणली. प्रज्ञेशच्या जिभेचा विचार मी केला नाही. आणि मघाशी मी उठले होते, आई. तुम्ही बस म्हणालात."

"आणि तू बसलीस."

"सतरा वर्षं बसतेच आहे."

तिने ते रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर मला त्याला उत्तर देता आले असते.

मी विचारले, "आणि ती? जी आंबली ती? टाकून दिलीस?"

अपेक्षाने टेबलावरच्या कांद्याच्या बशीकडे पाहिले.

दुपारी पाहुणे आले तेव्हा मी तिला टोकले होते. तिचे आजोळ साताऱ्याकडचे. "तुझ्या आजोळी कांदा असा बुडवतात का?" ती म्हणाली होती, "कांदा यांच्या आजोळचा आहे, आई. ओतूरचा." आणि ती बशी तिने स्वतःच्या बाटलीपुढे न ठेवता पाचवीपुढे ठेवली होती. मला ते नीट वाटले होते. मी तीन चकत्या खाल्ल्या होत्या. आंबट, किंचित गोड, आणि गिळल्यावर मागे राहणारी एक तुरट चव. त्या सबंध दुपारी ज्याची मी वाखाणणी केली असा तो एकच पदार्थ. "कांदा बरा मुरलाय," मी म्हणाले होते.

"टाकवेना," अपेक्षा म्हणाली. "त्याच्या हातचं होतं. सिरक्यासारखीच झाली होती, म्हणून मग त्यातच… वाटलं, निदान एवढं तरी तुमच्या तोंडात जाईल."

मी बशी पुढे ओढली आणि चौथी चकती घेतली. सगळे थांबले होते. मी ती सावकाश खाल्ली. काय आहे हे ठाऊक असताना तिची चव मघासारखी लागली नाही. मघाशी ती जास्त चांगली लागली होती.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मथुराबाईच्या घरी गेले. आमच्या फाटकापासून चालत बारा मिनिटांवर वस्ती आहे. एकतीस वर्षांत मी तिथे गेले नव्हते. घर मला विचारत जावे लागले आणि ज्या बाईला विचारले तिने मला ओळखले, त्याची मला लाज वाटली.

संपत कामावर निघाला होता. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला. त्याने वाकून नमस्कार केला आणि तो निघून गेला. कालचे वाक्य त्याच्यापर्यंत पोचले होते की नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळले नाही.

मथुराबाईने खुर्ची पुसली. "बसा. चहा टाकते."

"चहा नको. मी सांगायला आले. माझे चुकले."

हे शब्द मी पूर्वी कोणाला म्हटल्याचे मला आठवत नाही. सुदर्शनला म्हणायचे होते. त्यासाठीच मी तो घोट घेणार होते.

"बसा तरी," ती म्हणाली आणि तिने चहा टाकलाच.

कपबशी हातात आल्यावर मी विचारले, "तुला सगळे माहीत होते. काल बोलली का नाहीस?"

"वैशाखात बोलले होते की. एकदा बोलले, तुम्ही गप केलंत." ती खाली बसली आणि मनगट चोळू लागली. "आन् काल चारचौघांत काय सांगायचं? का तुमच्या लेकराची बाटली तुम्हीच उन्हात नासवली म्हनून? तेवढं माझ्याच्यानं झालं न्हाय."

मी कमरेचा जुडगा काढून तिच्यापुढे ठेवला. तिने त्याच्याकडे पाहिले. मग दोन बोटांनी तो माझ्याकडे सरकवला.

"कामाला उद्यापासून येते, बाईसाहेब. अपेक्षाताई एकट्या पडतात. किल्ल्या मात्र तुमच्याकडंच असू द्या."

"मथुरा, मी घेऊन आले आहे."

"व्हय. पर मला नको."

ती आली. मंगळवारी सकाळी साडेसातला, नेहमीसारखी. भाकरी तशीच करते, आमटी तशीच करते, माझ्या औषधांच्या वेळा तशाच सांभाळते. फक्त साखर संपली की दारातून हाक येते, "बाईसाहेब, कोठी उघडून देता?" रव्याला हाक, तुपाला हाक. दिवसातून सात-आठ वेळा मी उठते आणि कुलूप काढते. माझे गुडघे दुखतात, हे तिला ठाऊक आहे. किल्ल्या मी एकदा ओट्यावरच ठेवून पाहिल्या. त्या संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या आणि हाकाही येतच राहिल्या.

अपेक्षाला मी आता मध्ये बोलू देते. ती फारशी बोलत नाही. सवय तिचीही मोडायला हवी.

कांद्याची बरणी मधल्या खोलीत, त्याच कपाटात आहे. तळाशी बोटभर जांभळे पाणी आणि थोड्या चकत्या उरल्या आहेत. बरणीला मी ऊन दाखवत नाही. महिन्यातून एकदा मथुराबाई फडके घेऊन दारात येते. "बाईसाहेब, कपाट उघडा, पुसायचंय."

मी उघडते. ती वह्या पुसते, यंत्र पुसते, रिकाम्या बाटलीवरचा तो कागद न भिजवता बाटली पुसते आणि परत ठेवताना आडवी ठेवते. मी तिच्या मागे उभी राहून पाहते. काही म्हणत नाही.